पंखा तीनवर

सकाळी 6:45. पालघर. गॅसवर चहा, ओट्यावर दोन मोबाइल. एक घरचा, एक कामाचा. कामाचा आत्ता सुरू झाला आणि लगेच वाजला. ‘मॅडम ओव्हरटाइम लागला, आज जमनार नाही.’ ताई वहीत दीडच्या वेळेवर काट मारतात. जो आला नाही त्याचे पैसे मागायचे नाहीत, असं त्यांनी स्वतःच ठरवलंय. ओव्हरटाइम सोडून कोण येणार?

त्या समुपदेशक आहेत. मी आज दिवसभर त्यांच्या मागे. अट अशी, की खोलीत यायचं नाही आणि येणाऱ्याला काही विचारायचं नाही. त्या सांगतील ते नावगाव काढून, दोघातिघांचं एक करून.

सकाळी 9:00. दाताच्या दवाखान्यामागची खोली. तासाला 150 रुपये भाडं. दोन खुर्च्या, समोरासमोर नाही, जरा तिरक्या. भिंतीवरचं घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे, म्हणजे ताईंना मान न वळवता दिसतं. टेबल फॅन दाराकडे तोंड करून, तीन नंबरवर. डिसेंबर आहे. ‘वारा नको, आवाज हवा,’ ताई म्हणतात. दार प्लायवूडचं आहे.

कॉलेजची मुलगी येते. डहाणू-तलासरीकडची, इथे हॉस्टेलवर. विद्यार्थ्यांना 300, बाकीच्यांना 600. 2018 च्या नोव्हेंबरपासून त्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसायला लागले. भर थंडीत माणसं अंगणात झोपली. तेव्हा शाळेत असलेली पोरं आता कॉलेजात आहेत. बाहेरून ट्रक गेला की त्यांची नजर आधी मांडणीवरच्या भांड्यांकडे जाते.

मला फक्त पंखा ऐकू येतो.

दुपारी 12:10. दुसरं सेशन उरकून स्टेशन. मध्ये उमरोळी, मग बोईसर. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून हे दोन गावांचं गणित जमतं. बोईसरला शेअर रिक्षा, 20 रुपये. वाटेत भाजीवालीकडून गवती चहाची जुडी, 10 रुपये. मला वाटलं, चहासाठी.

दुपारी 1:15. बोईसरची खोली. महिना 6,500. खाली मोबाइलचं दुकान, शेजारी केस कापणारा. दारावर पाटी नाही. दुकानात आलोय असं कोणाला सांगता आलं पाहिजे.

दीडचा माणूस यायचा नाही, म्हणून डबा निवांत. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. हात धुऊन त्या मलाच समोर बसवतात. ‘दिसणाऱ्या पाच वस्तू सांगा.’ घड्याळ, बादली, खिडकीचा गज, कॅलेंडर, तुमची पर्स. ‘हाताला लागणाऱ्या चार.’ खुर्चीचा दांडा, पॅन्टची शिवण, कपाळाचा घाम, थंड फरशी. ‘ऐकू येणारे तीन आवाज.’ पंखा, रिक्षाचा हॉर्न, शेजारची कात्री. ‘आता दोन वास.’

मी थांबलो. खिडकीतून एमआयडीसीचा वास येत होता. आंबूस, घशाला लागणारा.

‘इथेच अडतं,’ त्या म्हणाल्या. घाबरलेलं मन वर्तमानात आणायची ही पाच-चार-तीन-दोन-एकची रीत जगभर शिकवतात. पण प्लांटमध्ये स्फोट पाहिलेल्या माणसाला बोईसरात ‘वास घे’ म्हटलं, तर तो थेट त्या रात्रीतच जाऊन उभा राहतो. म्हणून गवती चहा. पात चुरगाळून हातात द्यायची. पुस्तकात हे नाही. एकदा एका माणसाला धाप लागली, तेव्हा सुचलं.

दुपारी 4:00. पहिली पाळी तीनला सुटते. जिन्यात जड पावलं. दाराबाहेर सेफ्टी शूज, नाकावर पांढरी भुकटी. ठेकेदाराकडचा माणूस, म्हणून त्यालाही 300च. आत जायला तो चार मिनिटं घेतो, मी मोजली. पहिल्या भेटीत ताई विचारतात, ‘भगताकडे जाऊन आलात का?’ रागावत नाहीत. किती खर्च झाला आणि त्याने काय सांगितलं, तेवढं लिहून घेतात. गोळ्या त्या देत नाहीत. झोप अजिबातच गेली असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी.

संध्याकाळी 5:15. अणुऊर्जा केंद्राच्या कॉलनीतल्या एक बाई. मिस्टर निवृत्त होणार, क्वार्टर सोडायचं. तीस वर्षांचा ओटा. बाहेर पडताना मला विचारतात, ‘तुमचा नंबर आहे का आता?’ मी नाही म्हणतो. त्या हसतात, ‘लाजू नका हो.’

संध्याकाळी 6:30. दहावीतला मुलगा. पायात स्पोर्ट शूज, एक नाडी पांढरी, एक काळी. पैसे वडिलांचा पगार झाल्यावर.

रात्री 8:00. हिशोब. सकाळचे 300 आणि 600, दुपारचे 300, कॉलनीच्या बाईंचे 600. आले 1,800. पालघरच्या खोलीचे दोन तास 300, रिक्षा जाऊन-येऊन 40, चहा 20, गवती चहा 10. उरले 1,430. यातून इथलं भाडं. शिवाय महिन्यातून दोनदा त्या स्वतः एका ज्येष्ठ समुपदेशकांशी फोनवर बोलतात, दर वेळी हजार रुपये. दिवसभर ऐकलेलं कुठेतरी ठेवायला लागतं.

कामाच्या फोनवर रात्रीचा निरोप लावतात: तातडी असेल तर 14416. ही सरकारची टेलिमानस सेवा, 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालेली. चोवीस तास, फुकट. मग पंखा बंद. शेजारच्या दुकानातल्या रेडिओवर कोणतं गाणं लागलंय, ते दिवसात पहिल्यांदा कळतं.

रात्री 8:40. बोईसर फलाट. डहाणूकडून येणारी लोकल उशिरा. चार पावलांवर एक मुलगा वडिलांबरोबर उभा. मी आधी चेहरा नाही, नाड्या ओळखल्या. ताईंकडे बघितलं. त्या इंडिकेटर वाचत होत्या. मुलगाही इंडिकेटर वाचत होता.