दऱ्यांचा दर्या कसा झाला?

सह्याद्रीच्या घाटवाटांवरील स्थळनामांची टिपणे मी गेली २२ वर्षे गोळा करीत आहे. मी शिक्षणाने भाषाशास्त्रज्ञ नाही आणि संगणकतज्ज्ञ तर नाहीच. दोन्ही विषय गरजेपोटी, पडत-धडपडत शिकलो. तीन वर्षांपूर्वी ही सारी टिपणे जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणली. एका संध्याकाळी त्यांतली एक नोंद सहज वाचू लागलो. एका वाडीतल्या आजींनी सांगितलेले वाक्य होते : ‘गावाच्या वर तीन दर्या हायेत, मदलीत बारमाही पानी.’

गावाच्या डोक्यावर तीन समुद्र! आजी अर्थातच ‘दऱ्या’ म्हणाल्या होत्या. मी लिहिलेही तसेच होते. मग समुद्र आला कुठून?

मराठीत र आणि य यांची जोडणी दोन प्रकारे होते. ‘दर्या’मध्ये र अक्षराच्या माथ्यावर रफार होऊन बसतो आणि आधीच्या ‘द’वर आघात येतो. ‘दऱ्या’मध्ये तो य च्या डाव्या बाजूला आडव्या कोयरीसारखा चिकटतो आणि आघात येत नाही. ‘आचार्यास’ दक्षिणा देणे वेगळे आणि ‘आचाऱ्यास’ पगार देणे वेगळे, हे उदाहरण शाळेत आपण सर्वांनीच ऐकले आहे. कानाला आणि डोळ्याला स्पष्ट कळणारा हा भेद संगणकाच्या पोटात मात्र फार नाजूक धाग्याने टांगलेला असतो.

संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा एक गट दिलेला आहे. त्यात र आहे, य आहे, हलन्ताचे चिन्ह आहे. र, हलन्त, य हे तीन क्रमांक ओळीने आले की पडद्यावर ‘र्य’ दिसतो. ‘ऱ्य’ हवा असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला : साध्या र ऐवजी खाली नुक्ता असलेला ऱ वापरायचा. दुसरा, जुना : हलन्तानंतर एक अदृश्य चिन्ह घालायचे. त्याला ‘झिरो विड्थ जॉइनर’, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक म्हणतात. त्याला आकार नाही, उच्चार नाही. ‘इथे रफार करू नकोस’ एवढेच तो यंत्राला सांगतो.

माझी टिपणे रूपांतरित करणाऱ्या आज्ञावलीने हा दुसरा मार्ग घेतला होता. त्यानंतर मी ती ‘सफाई’च्या दुसऱ्या आज्ञावलीतून काढली. अनावश्यक विशेष चिन्हे काढून टाकणे हे तिचे काम. न दिसणारे चिन्ह तिला अनावश्यक वाटले. एका झटक्यात माझ्या सगळ्या दऱ्या समुद्राला मिळाल्या, वाऱ्यावरचे ‘वार्यावर’ गेले आणि पायऱ्यांच्या ‘पायर्या’ झाल्या. पहिला मार्ग घेतला असता तरी धोका टळला नसताच. शोध सोपा व्हावा म्हणून काही आज्ञावल्या नुक्ता पुसतात. हिंदीत त्याने फारसे बिघडत नसेल, मराठीत मात्र ऱ चा र होतो आणि पुन्हा तोच समुद्र.

सफाईचे याहून ढोबळ प्रकारही आहेत. ‘फक्त अक्षरे ठेव, बाकी काढ’ अशी आज्ञा इंग्रजी मजकुराला चालते. देवनागरीतले काना, मात्रा, वेलांट्या युनिकोडच्या वर्गवारीत ‘अक्षरे’ नाहीत, ‘चिन्हे’ आहेत. त्या आज्ञेतून ‘मराठी’ हा शब्द बाहेर पडतो तो ‘मरठ’ होऊन.

दुसरे संकट उलट्या दिशेने आले. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी कळांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. माझ्या फॉन्टमध्ये एक अर्धे अक्षर ‘<’ या चिन्हाच्या जागी होते. काही जुन्या फाइली रूपांतर न करता तशाच वेबपानावर चढवल्या, तर ओळीच्या ओळी गायब! कारण वेबपानाच्या भाषेत ‘<’ नंतर रोमन अक्षर आले की तिथून आज्ञा सुरू होते आणि ‘>’ आले की संपते. मधला मजकूर ब्राउझरने आज्ञा समजून वाचला, अर्थ लागला नाही म्हणून गुपचूप गिळला.

यावरचा उपाय चिन्ह काढून टाकणे हा नाही. त्या चिन्हाऐवजी त्याचे नाव लिहायचे असते : अँपरसँड, मग ‘एलटी’ ही दोन रोमन अक्षरे, मग अर्धविराम. ब्राउझर ते वाचतो आणि पडद्यावर निमूटपणे ‘<’ काढून दाखवतो. मात्र हे एकदाच आणि अगदी शेवटी, मजकूर पानावर ठेवताना करायचे. दोनदा केले तर वाचकाला चिन्हाऐवजी त्याचे नावच दिसते.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. पोथी उतरवणारा लेखक सुटलेल्या शब्दाच्या जागी काकपद काढी आणि तो शब्द समासात लिही. पुढच्या नकलाकाराला ठाऊक असे, की काकपद उतरवायचे नसते, पाळायचे असते. मुद्रितशोधकाच्या खुणाही जुळाऱ्याने कधी खिळ्यांत जुळवल्या नाहीत. चूक पुसायची तर तिच्यावर पिवळा हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. मजकूर कोणता आणि सूचना कोणती, हे तिथे माणूस ठरवत होता. यंत्राला ते आपण सांगावे लागते. न सांगता सफाई करायला लावली, तर ते मजकुरावरच हरताळ फासते.

तेव्हापासून मी तीन पथ्ये पाळतो. मूळ फाइल कधीही बदलायची नाही. जे करायचे ते नकलेवर. अनोळखी चिन्ह काढण्याआधी ते काय करते, हे पाहायचे. आणि प्रत्येक रूपांतरानंतर एक चाचणीचे वाक्य तपासायचे, ज्यात ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्ही शेजारी असतात.

बहुतेक टिपणे मूळ फाइलींवरून पुन्हा उभी केली. पण दोन वह्यांच्या मूळ फाइली मी जागा वाचवण्यासाठी पुसून टाकल्या होत्या आणि वह्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या. त्यांतल्या बहुतेक जागा अर्थावरून दुरुस्त करता आल्या. एक राहिली. धरणात गेलेल्या एका वाडीच्या देवीचे नाव त्यात आहे, ‘दर्याई’. ती दरीची आई की दर्याची? सांगणारे आजोबा वारले, वाडी उठून चहूकडे पांगली, ठाण पाण्याखाली आहे. दोन्ही अर्थ लागतात, म्हणून मी एकही निवडलेला नाही. नोंदीपुढे प्रश्नचिन्ह घातले आहे आणि ते कुणीही सफाईत काढू नये, अशी सूचना शेजारी लिहून ठेवली आहे.