वाळूचा बुरूज: सुपीरिअर सरोवरावरचा कडा कसा वाचावा

आज आपण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका कड्याविषयी बोलू. आपल्यापैकी अनेकांची मुलं शिकागो, डेट्रॉइटकडे असतात. उन्हाळ्यात आईवडील गेले की मुलं त्यांना गाडीने उत्तरेला सुपीरिअर सरोवर दाखवायला नेतात. तिथे म्युनिसिंग गावाजवळ 'पिक्चर्ड रॉक्स' हा १९६६ पासून संरक्षित असलेला किनारा आहे आणि त्यात 'मायनर्स कॅसल' नावाचं भूशिर.

सरोवर म्हणून तळं डोळ्यांसमोर आणू नका. क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात दोन केरळ मावतील. सर्वांत जास्त खोली ४०६ मीटर. पाणी गोडं, पण लाटा समुद्रासारख्या.

आता कडा पाहा. सह्याद्रीचे कडे लाव्हारसाच्या काळ्या बेसॉल्टचे आहेत. इथला दगड वालुकाश्म, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी पाण्यात साचून घट्ट झालेली वाळू. काही ठिकाणी कडे ६० मीटर उंच आहेत. त्यांवरचे रंगीत पट्टे भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याने काढले आहेत: लोहाचा तांबडा-नारिंगी, तांब्याचा निळा-हिरवा, मँगनीजचा तपकिरी-काळा. लोक या रंगांचे फोटो काढतात. मी म्हणतो, फोटो जरूर काढा, पण त्यांचा अर्थही ध्यानात घ्या. जिथे रंग आहे, तिथून पाणी वाहतं. जिथून पाणी वाहतं, तिथे दगडात भेग आहे.

फौजेत कुठेही मुक्काम टाकण्याआधी जमीन वाचायला शिकवतात. इथे तीन गोष्टी वाचायच्या.

पहिली, थर. सगळ्यात वरचा थर कठीण, त्याखालचा ठिसूळ. खालचा झिजतो, वरचा छज्जासारखा पुढे राहतो. वर उभ्या माणसाला पायाखालची पोकळी दिसत नाही.

दुसरी, लाटा. काही हजार वर्षांपूर्वी सरोवराची पातळी आजच्यापेक्षा उंच होती. त्या लाटांनीच हे बुरूज कोरले. आजच्या लाटा पायथा पोखरत आहेत.

तिसरी, बर्फ. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. हिवाळाभर ते भेगेत पाचरीसारखं काम करतं आणि बर्फ वितळला की सुटलेला दगड खाली येतो. म्हणून वसंतात जास्त जपायचं.

पुरावा हवा? मायनर्स कॅसलला पूर्वी दोन बुरूज होते. १३ एप्रिल २००६ रोजी त्यातला एक सरोवरात कोसळला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. जवळच्या 'चॅपल रॉक'वर एक पाइन वृक्ष आहे. त्याची मुळं जमिनीपर्यंत गेली आहेत, पण अधांतरी. त्यांच्याखाली दगडाची कमान होती, ती १९४०च्या दशकात पडली. ऑगस्ट २०१९ मध्ये तर कयाक वल्हवणाऱ्यांच्या समोरच कड्याचा मोठा भाग पाण्यात आला.

तेव्हा जाताना एवढं पाळा. मायनर्स कॅसलला वरचा सज्जा गाडीतळापासून जवळ आहे आणि वाट फरसबंद आहे. गुडघे दुखत असतील तर तिथूनच पाहा, दृश्यात काही कमी पडत नाही. खालच्या सज्जाला पायऱ्या आहेत. कठड्यापलीकडे फोटोसाठी कोणी बोलावलं तर नाही म्हणा, मग तो नातू का असेना. नातवंडं कयाकने जाणार असतील तर जाणत्या वाटाड्याबरोबरच पाठवा आणि कड्याच्या पायथ्याशी, कमानीखाली रेंगाळू नका असं बजावा. पाणी भर उन्हाळ्यातही गारठवणारं असतं. चांगला पोहणाराही त्यात लवकर गळतो, म्हणून लाइफ जॅकेट अंगावर हवंच. वारा वाढला की बेत रद्द करा. कडा दुसऱ्या दिवशी सज्जावरून पाहता येईल.

आपल्याकडे बदामीचे कडेही वालुकाश्माचेच आहेत. पुढच्या वेळी तिथे गेलात तर थर, पाणी आणि भेगा शोधून बघा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.