अश्वप्रदर्शन भरवताय? घोड्याचा नंबर आणि पैशाचा हिशेब एकाच शीटमध्ये ठेवा

सारंगखेड्याची दत्ताची यात्रा असो की लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची, मार्गशीर्षात घोडेवाल्यांची पावलं तिकडं वळतात. पण एखादं मंडळ गावच्या जत्रेत स्वतः घोड्यांचं प्रदर्शन भरवतं तेव्हा खरी कसरत मैदानाबाहेर होते. नोंदणीची वही एकाकडे, पावतीपुस्तक दुसऱ्याकडे, निकालाचा कागद पंचाच्या खिशात आणि पैसे चौघांच्या मोबाईलवर. मग बक्षीस वाटपाला वाद, आणि हिशेबाच्या बैठकीला त्याहून मोठा.

परदेशात यासाठी खास सॉफ्टवेअर विकत मिळतं. गावच्या मंडळाला त्याची गरज नाही. मोबाईलवरचं गुगल शीट्स फुकट आहे, त्यात मराठी टाइप करता येतं आणि बेरीज ते स्वतः करतं. त्या महागड्या सॉफ्टवेअरची एकच गोष्ट उचलायची: प्रत्येक घोड्याला एक नंबर, आणि नोंदणी, फी, निकाल, बक्षीस सगळं त्याच नंबरावर. दिलेला नंबर बदलायचा नाही. घोडा आलाच नाही तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, समोर ‘गैरहजर’ लिहायचं.

पहिल्या पानावर नंबर, घोड्याचं नाव, नर की मादी, रंग, गट, मालक, गाव, मोबाईल. नुसतं ‘काळी घोडी’ लिहून भागत नाही, मैदानात काळ्या घोड्या दहा असतात. कपाळावरचा पांढरा पट्टा, कोणते पाय पांढरे, भोवरा कुठं, हे लिहा आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर टाका. गटावरून भांडण जास्त होतं, कारण लहान वयाच्या गटात मोठं जनावर घुसवलं जातं. घोड्याचे पुढचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडतात. म्हणून मालकानं सांगितलेलं वय एका रकान्यात आणि त्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलेले दात दुसऱ्या रकान्यात. निकाल दुसऱ्या रकान्यावर.

तब्येतीच्या दाखल्याचा नंबर आणि तारीखही इथंच हवी. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होऊ शकतो आणि त्यावर लस नाही. पुढं एखादं जनावर संशयित निघालं तर कोणते घोडे एकत्र होते, कुठल्या गावचे होते, हे या यादीतून पाच मिनिटांत कळतं. वहीत शोधायला दिवस जाईल.

दुसरं पान पैशाचं. समजा ६० घोडे आणि फी ५०० रुपये. जमा व्हायला हवेत ३०,००० आणि शीट दाखवतंय २८,५००. म्हणजे तिघांची फी आली नाही, किंवा आली पण लिहिली नाही. नंबर समोर असला की कोणते तिघे ते लगेच दिसतं. नसला की खजिनदारावर संशय. रोख की यूपीआय तेही लिहा, यूपीआय असेल तर व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर टाका. पैसे कुणाच्या खासगी खात्यावर नकोत, क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच लावा. एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, देणगीदार कितीही मोठा असो.

बक्षिसांसाठी मात्र दोन वेगळे रकाने ठेवाच: ‘जाहीर’ आणि ‘जमा’. माइकवर ११ हजार जाहीर करणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी फोन उचलणारे कमी! जमा झालेल्या रकमेवरच बक्षिसं ठरवली तर मंडळाला खिशातून भरावं लागत नाही. मंडप, चारा, पाणी, पंचांचं मानधन, ट्रॉफ्या या खर्चाच्या प्रत्येक ओळीला बिलाचा फोटो जोडा.

शीटमध्ये लिहायचा अधिकार दोघांनाच द्या, बाकी कमिटीला फक्त बघायचा. कुणी आकडा बदलला तर संगणकावर ‘व्हर्जन हिस्टरी’त तो कोणी आणि कधी बदलला ते दिसतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकू नका, पीडीएफ टाका, आणि त्यातून मालकांचे मोबाईल नंबर काढून टाका.

जत्रेच्या गर्दीत रेंज जातेच. आदल्या रात्री शीट ‘ऑफलाइन’ वापरासाठी चालू करून ठेवा आणि यादीची एक छापील प्रत जवळ बाळगा. पंचांनी गुण कागदावरच द्यावेत, सही करावी. त्या कागदाचा फोटो मैदान सोडायच्या आत शीटला जोडा, आणि बक्षीस त्यानंतरच द्या.