लुटुपुटीच्या आकाशांची कसोटी

आयुकावर लिहायचे म्हटले की संपादकांना दुर्बिणीचा फोटो हवा असतो. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या या खगोलविज्ञान संस्थेतले जे काम मला कित्येक वर्षे खुणावत होते, त्यात मात्र दुर्बिणीला कोणी डोळा लावत नाही. ते काम आहे बनावट आकाशे तयार करण्याचे. विश्वाच्या जन्मखुणा सांगणाऱ्या प्रकाशाची खोटी चित्रे संगणकावर बनवायची आणि खऱ्या चित्रावर चालणारी सगळी आकडेमोड आधी त्यांच्यावर चालवून बघायची. पेणमध्ये बसून या विषयाची कागदपत्रे वाचताना माझी खात्री होत गेली, की विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आहे असे आपण ज्या विश्वासाने म्हणतो, त्या विश्वासाचा पाया या लुटुपुटीच्या आकाशांत आहे.

संस्थेचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. १९८८ साली जयंत नारळीकरांनी नरेश दधीच आणि अजित केंभावी यांच्या साथीने ती उभी केली. इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची. एक गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. नारळीकरांना महास्फोट मान्य नव्हता. १९९३ मध्ये फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी पर्यायी सिद्धांत मांडला आणि अखेरपर्यंत तो लावून धरला. त्यांच्याच संस्थेत विश्वशास्त्रज्ञ तरुण सौरदीप आणि त्यांचे विद्यार्थी महास्फोटाच्या सर्वांत भक्कम पुराव्याचा वर्षानुवर्षे कीस पाडत होते. संस्थापकाला न पटणारे काम त्याच्याच छपराखाली फुलावे, यापेक्षा मोठी शाबासकी मला त्या वास्तूला देता येणार नाही.

हा पुरावा म्हणजे वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी. अभ्यासक तिला सीएमबीच म्हणतात. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना सुटलेला हा प्रकाश १९६४ मध्ये पेंझियास आणि विल्सन यांच्या अँटेनात खरखर म्हणून प्रथम सापडला. आज त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७२५ अंश आहे आणि दिशा बदलली की त्यात लाखात एका भागाइतकाच फरक पडतो. त्या बारीक चढउतारांत सहा आकडे दडलेले आहेत: साधे द्रव्य किती, कृष्णद्रव्य किती, चढउतारांच्या ठिपक्यांचा आकाशातला मूळ कोन केवढा, सुरुवातीच्या लहरी किती उंच, लहानमोठ्या लहरींत उंचीचा उतार किती, आणि पहिले तारे पेटल्यावर या प्रकाशाला वाटेत किती अडथळा झाला. हे सहा हाती आले की विश्वाचे वय आणि प्रसरणाचा वेग त्यांतून निघतो.

आकाश एकच आहे आणि त्याचे उत्तर कुठल्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही. आपली रीत चुकली तर चुकीचे आकडेही तितक्याच रुबाबात बाहेर येतील. म्हणून ज्याचे उत्तर आपण स्वतःच ठरवले आहे असे आकाश लागते.

त्याची पहिली पायरी घरच्या लॅपटॉपवरही चढता येते, आणि पेणला बसून मी ती चढलो. अँटनी लुईस आणि अँथनी चॅलिनर यांच्या कॅम्ब या मोफत आज्ञावलीला सहा आकडे दिले की ती एक वक्र रेषा काढून देते. आकाशातल्या कुठल्या कोनावर चढउतार किती, हे त्या रेषेवर वाचता येते. साधारण एक अंशाच्या कोनावर तिचे पहिले मोठे शिखर दिसते. मग हीलपिक्स हा गोलाचे सारख्या क्षेत्रफळाचे तुकडे पाडणारा आराखडा घ्यायचा आणि त्या रेषेच्या मापात यदृच्छ आकडे टाकायचे. काही क्षणांत ३१,४५,७२८ तुकड्यांचे आकाश पडद्यावर उमटते, लालनिळ्या डागांनी भरलेले. आमच्याकडे हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत एका साच्यातून निघालेल्या मूर्ती हुबेहूब सारख्या असतात. इथे साचा तोच राहतो आणि प्रत्येक वेळी मूर्ती नवी निघते, कारण सिद्धांत डागांची सरासरी ठेवण सांगतो, कुठला डाग कुठे पडेल ते सांगत नाही.

पण हे आकाश फारच स्वच्छ असते. खऱ्या उपग्रहाने पाहिल्यासारखे ते दिसायला हवे असेल तर ते बिघडवावे लागते, आणि कसब लागते ते नेमके बिघडवण्यात.

यातला एक तिढा मला सर्वांत जास्त भावला. २००९ मध्ये उडालेला युरोपचा प्लांक उपग्रह पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर स्वतःभोवती मिनिटाला एक फेरी घेत आकाश टिपत होता. त्याच्या प्रत्येक संवेदकाच्या नजरेला एक ठिपका असतो आणि त्या ठिपक्याएवढ्या भागातले सगळे चढउतार एकमेकांत मिसळून जातात. हा ठिपका गोल असता तर हिशेब सोपा होता. संवेदक दुर्बिणीच्या नाभीच्या मधोमध नसल्याने तो लंबगोल होतो. फिरत्या उपग्रहातून आकाशाच्या एका तुकड्यावरून तो अनेकदा जातो. कुठे तऱ्हेतऱ्हेच्या कोनांतून, तर कुठे जवळपास एकाच कोनातून. त्यामुळे प्लांकच्या नकाशातल्या पाच कोटींहून अधिक तुकड्यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला येणारी धूसरता वेगळी. तिला सरसकट गोल मानले तर लहान कोनांवरचे माप चुकते आणि लहरींच्या उताराचा आकडा एका बाजूला कलतो.

या लंबगोल नजरेचा प्रश्न संजित मित्रा, आनंद सेनगुप्ता आणि सौरदीप यांनी २००४ मध्येच हाती घेतला होता. पुढे अमेरिकेत असताना मित्रा यांनी सहकाऱ्यांबरोबर फेबेकॉप नावाची पद्धत २०११ मध्ये प्रसिद्ध केली. उपग्रहाची सारी भ्रमंती लक्षात घेऊन प्रत्येक तुकड्याची स्वतःची धूसरता एकदाच काढून साठवायची. मग हवी तितकी नवी आकाशे त्या साठ्यातून गाळून घ्यायची. भ्रमंती दर वेळी नव्याने गिरवायची गरज नाही. मित्रा नंतर आयुकात परतले. या कामातली चिकाटी मला थक्क करते. ज्याचा आकार कोणी सामान्य वाचक कधी विचारणार नाही, त्या ठिपक्यासाठी माणसे आयुष्यातली वर्षे देतात.

प्लांकच्या २०१५च्या निष्कर्षांसाठी केलेल्या सिम्युलेशन-संचात अशा १०,००० काल्पनिक मोहिमा होत्या. त्यांतून सुमारे दहा लाख नकाशे निघाले आणि संगणकांचे अडीच कोटी प्रोसेसर-तास खर्ची पडले. एवढ्या संख्येला कारण आहे. एका बनावट आकाशातून काढलेला आकडा मूळ आकड्यापासून थोडा ढळला तर त्यावरून काहीच ठरत नाही. शेकडो आकाशांत तो सरासरीने जागेवर येतो का, आणि जितकी अनिश्चितता आपण सांगतो तितकाच इकडेतिकडे होतो का, हे पाहावे लागते.

इथपर्यंत कौतुक. पुढच्या अडचणी मात्र अशा आहेत, की त्या कितीही आकाशे बनवली तरी हटत नाहीत.

पहिली निसर्गाचीच. सर्वांत मोठ्या कोनांवर आपल्याला मोजायला नमुनेच थोडे मिळतात. चतुर्ध्रुवाच्या, म्हणजे यांतल्या सर्वांत मोठ्या कोनावरच्या चढउतारांच्या, मापात सुमारे ६३ टक्के अनिश्चितता राहतेच, उपकरण कितीही उत्तम असो. दुसरी अडचण त्या सहा आकड्यांच्या आपसातल्या संगनमताची. ताऱ्यांमुळे झालेला अडथळा वाढवला आणि मूळ लहरीही उंच केल्या, तर वक्ररेषेचा बहुतेक भाग जसाच्या तसा राहतो. दोघांना वेगळे करायला मोठ्या कोनांवरचे अतिक्षीण ध्रुवीकरण मोजावे लागते, आणि तिथे उपकरणाची व आकाशगंगेची भेसळ सर्वांत जास्त. डब्ल्यूमॅप उपग्रहाने २००३ मध्ये या अडथळ्याचा आकडा ०.१७ दिला होता. प्लांकच्या २०१८च्या निष्कर्षात तो ०.०५४ आहे.

माझी खरी काळजी तिसऱ्या अडचणीची आहे. बनावट आकाशात आपण जे घालतो तेवढेच त्यात असते. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ गटाने सीएमबीत आदिम गुरुत्वलहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले. संकेत खराच होता, पण आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा त्यातला वाटा उपलब्ध प्रतिरूपांच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. २०१५च्या सुरुवातीला प्लांकबरोबर केलेल्या संयुक्त विश्लेषणानंतर तो दावा उरला नाही. उपकरण चोख होते, आकडेमोडही चोख होती; धूळ अपुरी माहीत होती.

प्रसरणाच्या वेगाचेही तसेच. प्लांकवरून तो दर मेगापार्सेकला सेकंदाला ६७.४ किलोमीटर येतो, ताऱ्यांवरून मोजणारे ७३च्या आसपास सांगतात. सहा आकड्यांच्या सिद्धांतातून बनवलेली हजारो आकाशे एवढीच ग्वाही देतात, की तो सिद्धांत खरा असेल तर ६७.४ काढण्यात गफलत नाही. निसर्गात सातवा आकडा असेल तर तो त्या आकाशांत मुळातच नाही. म्हणून आता काही अभ्यासक मुद्दाम वेगळ्या भौतिकीची आकाशे बनवून ती जुन्याच रीतीने सोडवतात आणि उत्तर कुठे भरकटते ते पाहतात. मला हा मार्ग सर्वांत आशेचा वाटतो.

२०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी इस्रोपुढे सीएमबी-भारत या उपग्रहाचा प्रस्ताव ठेवला. त्याचे प्रक्षेपण झालेले नाही, पण त्याची आकाशे तयार आहेत. देवव्रत आदक आणि सहकाऱ्यांच्या २०२२च्या शोधनिबंधात आकाशगंगेच्या धुळीची साधी आणि गुंतागुंतीची अशी निरनिराळी प्रतिरूपे घेऊन, ती उपसून काढल्यावर आदिम लहरींची खूण कितपत उरते याचा अंदाज बांधला आहे. यातली कुठली धूळ खऱ्या आकाशातल्या धुळीच्या सर्वांत जवळची, ते उपग्रह उडाल्यावरच तपासता येईल.