फेलिसाचं थरथरतं लोखंड

कोलंबियाची राजधानी बोगोता. तिथल्या ‘सात नंबर’च्या हमरस्त्यावर, शंभराव्या रस्त्याच्या चौकात, महात्मा गांधींना वाहिलेलं एक शिल्प आहे. त्यात चष्मा नाही, काठी नाही, पंचा नाही, पुढे झुकून झपाझप चालणारी ती ओळखीची आकृतीही नाही. आहे ते फक्त लोखंड, एकमेकाला जोडून उभं केलेलं. पुतळ्यांना सरावलेल्या आपल्या नजरेला प्रश्न पडतो की यात गांधी कुठे आहेत? माझ्या मते बघणाऱ्याला हा प्रश्न पडावा, हेच शिल्पकर्तीला हवं होतं. ज्या देशाच्या चौकाचौकांत सिमोन बोलिव्हार घोड्यावर नाहीतर चौथऱ्यावर उभा असतो, तिथे चेहऱ्यावाचून आदरांजली वाहणं हे धाडस होतं. १९७१ साली ते करणाऱ्या बाईचं नाव फेलिसा बुर्स्टिन.

फेलिसाचा जन्म बोगोतातला, सप्टेंबर १९३३चा. आई-वडील पोलंडचे ज्यू. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि या जोडप्यानं युरोपात परतण्याचा विचार सोडून दिला. वडिलांनी बोगोतात कापडाचा छोटा कारखाना काढला. घरची परिस्थिती बरी असल्यामुळे मुलीला न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये चित्रकला शिकता आली. कमी वयात एका अमेरिकन माणसाशी लग्न झालं, तीन मुली झाल्या आणि लग्न मोडलं. मुली वडिलांबरोबर अमेरिकेत गेल्या. पन्नासच्या दशकातल्या कर्मठ कॅथलिक बोगोतात घटस्फोटित बाईनं एकटीनं राहून शिल्पं करायची, म्हणजे लोकांच्या जिभेला रोजचं खाद्य. पुढे कवी होर्खे गाइतान दुरान तिच्या आयुष्यात आला. ‘मितो’ या गाजलेल्या वाङ्मयीन नियतकालिकाचा तो संस्थापक. १९६२च्या जूनमध्ये ग्वादलूप बेटावरच्या विमान अपघातात तोही गेला.

पॅरिसला ग्रांद शोमिएर अकादमीत ती ओसिप झादकिनकडे शिकली. झादकिन हा क्युबिस्ट परंपरेतला मोठा शिल्पकार. त्याच्याकडून ती रीतसर शिल्पकलेचे धडे घेऊन परतली आणि मग तिनं भंगार हाती घेतलं. ब्राँझ ओतायचं तर पैसा हवा, चांगली ओतशाळा हवी. भंगार मात्र शहरात कुठेही मिळत होतं. वडिलांच्या कारखान्याजवळच्या गॅरेजमध्ये तिनं कार्यशाळा थाटली. गंजलेले पत्रे, चाकं, नट-बोल्ट, सळ्या, यंत्रांचे मोडके भाग असा माल तिथे येऊन पडायचा आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून फेलिसा वेल्डिंग करत बसायची. १९६१ साली तिनं ही भंगारातली शिल्पं पहिल्यांदा प्रदर्शनात मांडली. या शिल्पांचे सांधे बघण्यासारखे आहेत. वेल्डिंगचे ओघळ तिनं घासून गुळगुळीत केले नाहीत आणि गंजावर रंग फासला नाही. जोडलेला तुकडा जोडलेलाच दिसतो आणि तरीही एकूण आकाराला तोल असतो.

बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली. हे शिल्प की उकिरडा, असा सूर निघाला. तिची बाजू ठामपणे घेतली ती मार्ता त्राबा या समीक्षिकेनं. त्राबा मूळची अर्जेंटिनाची. बोगोताच्या आधुनिक कलासंग्रहालयाची उभारणी तिनंच केली आणि साऱ्या लॅटिन अमेरिकेत तिच्या शब्दाला वजन होतं. १९६५मध्ये राष्ट्रीय कलाप्रदर्शनात फेलिसाच्या ‘उत्तरेकडे बघताना’ या शिल्पाला शिल्पकलेचं पहिलं पारितोषिक मिळालं. कुजबुज थांबली नाही. पुरुषी अहंकाराच्या देशात बाईनं वेड्याचं सोंग घेतलेलं बरं, असं ती सांगायची. तिचं मोठ्यानं हसणं आणि तिचा मोकळेपणा याच्या आठवणी तिच्या मित्रांनी भरभरून सांगितल्या आहेत.

१९६८ साली तिनं ‘हिस्तेरिकास’ ही मालिका दाखवली. माझ्या मते तिच्या साऱ्या कामाचा हा कळस. कारखान्यातून टाकून दिलेल्या स्टेनलेस स्टीलच्या लांब पट्ट्या घ्यायच्या, त्या वाकवून, वळवून त्यांची वेटोळी करायची आणि आत रेकॉर्ड प्लेअरची छोटी मोटर बसवायची. मोटर सुरू झाली की पट्ट्या थरथरायला लागतात, एकमेकींवर आपटतात, चकाकतात आणि त्यांच्या खडखडाटानं दालन भरून जातं. बाईचा संताप, दुःख, वासना या सगळ्यावर पुरुष डॉक्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘हिस्टेरिया’ या आजाराचा जो शिक्का मारला, तोच फेलिसानं आपल्या शिल्पांना नाव म्हणून दिला. मुकाट, सुबक, चौथऱ्यावर बसवलेली स्त्री-आकृती शिल्पकलेनं हजारो वर्षं घडवली. इथे आकृती नाही आणि मुकाटपणा तर अजिबात नाही. प्रेक्षकाला त्या आवाजाकडे पाठ फिरवता येत नाही.

१९७४च्या ‘कामास’ म्हणजे पलंगांच्या मालिकेत ती आणखी पुढे गेली. ओळीनं लोखंडी पलंग, त्यांवर चमकदार सॅटिनची कापडं आणि कापडाखाली मोटरनं हलणारं काहीतरी. काय, ते दिसत नाही. सोबत जॅकलिन नोव्हा या कोलंबियाच्या संगीतकर्तीचं इलेक्ट्रॉनिक संगीत. पलंग म्हटला की शृंगार तर आलाच, पण प्रसूती, आजारपण आणि मरणही तिथलंच. कापडाखालच्या त्या हालचालीत यातलं काहीही असू शकतं. १९७९मधल्या ‘यांत्रिक नृत्या’त कापडात गुंडाळलेल्या आकृत्या चौथऱ्यावर डोलू लागल्या आणि शिल्प नाटकाच्या हद्दीवर जाऊन पोचलं.

तोपर्यंत देशाची हवा बिघडली होती. अध्यक्ष तुर्बाय यांच्या सरकारनं १९७८ साली सुरक्षा कायदा आणला आणि साध्या नागरिकांना पकडून त्यांच्यावर खटले चालवण्याचे अधिकार लष्कराला मिळाले. ‘एम-१९’ या बंडखोर संघटनेच्या शोधात लेखक, कलावंत, प्राध्यापक सगळेच संशयित ठरले. फेलिसा क्युबाला जाऊन आली होती, तिचे मित्र डाव्या विचारांचे होते आणि तिच्या घरी सतत माणसांचा राबता असे. एवढं पुरेसं झालं. जुलै १९८१मध्ये पहाटे सैनिक घरात शिरले, झडती घेतली आणि तिला लष्करी तळावर नेलं. डोळ्यांवर पट्टी बांधून तिची चौकशी झाली. सुटल्यावर तिनं मेक्सिकोच्या वकिलातीत आश्रय घेतला आणि देश सोडला. आधी मेक्सिको, मग पॅरिस. ८ जानेवारी १९८२ रोजी पॅरिसच्या एका रेस्तराँमध्ये, तिचा दुसरा नवरा पाब्लो लेयवा आणि मित्रमंडळी सोबत असताना, जेवणाच्या टेबलावरच तिचा मृत्यू झाला. वय ४८. त्या मित्रांत गाब्रिएल गार्सिया मार्केझ होता. त्याच वर्षी पुढे त्याला नोबेल मिळालं. फेलिसा दुःखानं मेली, असं त्यानं आपल्या स्तंभात लिहिलं.

त्या लेखामुळे जगाला फेलिसाचं नाव कळलं, पण तिच्याविषयीचं पुष्कळसं लेखन त्या टेबलाभोवतीच घुटमळत राहिलं, याची मला खंत वाटते. अलीकडे हुआन गाब्रिएल व्हास्केझ या कोलंबियाच्या नामवंत कादंबरीकारानं तिच्या आयुष्यावर कादंबरी लिहिली, तिचाही आरंभबिंदू हा मृत्यूच आहे. मृत्यूची हकीकत सांगायलाच हवी, कारण एका सरकारनं एका कलावंत बाईचं काय केलं त्याची ती नोंद आहे. पण एक मोठा लेखक हळहळला म्हणून फेलिसा मोठी ठरत नाही. टाकाऊ धातूला हालचाल आणि आवाज देऊन तिनं आपल्या देशाच्या शिल्पकलेचा अर्थच बदलला, म्हणून ती मोठी आहे. २००९मध्ये बोगोताच्या राष्ट्रीय संग्रहालयानं आणि २०२१मध्ये स्वित्झर्लंडच्या सुश इथल्या संग्रहालयानं तिची मोठी प्रदर्शनं भरवली, तेव्हा हे काम नव्या पिढीसमोर आलं.

आता अडचण आहे ती मोटरींची. साठ-सत्तरच्या दशकांतली ही छोटी यंत्रं झिजतात, सुटे भाग मिळत नाहीत. अशा चलशिल्पांबाबत संग्रहालयांपुढे दोनच वाटा उरतात. मूळ मोटर जपायची आणि शिल्प बंद ठेवायचं, किंवा मोटर बदलायची आणि ते चालू ठेवायचं. ‘हिस्तेरिकास’पुरतं तरी माझं मत पक्कं आहे. मोटरी खुशाल बदलाव्यात. काचेआड गप्प बसवलेली हिस्तेरिका ही फेलिसाची कलाकृतीच नव्हे.