गंगाथडीला कायाक का नाही?

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे. गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांतली काठची गावं तिला गंगाच म्हणतात आणि आपल्या पट्ट्याला गंगाथडी. खळाळत्या पाण्यात कायाक वल्हवत, रात्री काठावर मुक्काम करत चार-पाच दिवस नदी उतरायची, हा खेळ इथे का नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: उतार नाही. ते खोटं नाही. ब्रह्मगिरीवरचा उगम 1067 मीटर उंचीवर, समुद्र 1465 किलोमीटर लांब; म्हणजे किलोमीटरमागे सरासरी पाऊण मीटरही उतार नाही, आणि जवळपास निम्मी उंची नाशिक येईपर्यंतच उतरून होते. पण उतार कमी म्हणून फक्त फेस नसेल. पंचाळेश्वर, राक्षसभुवन, मंजरथ अशी तीर्थं जोडत जाणारा संथ प्रवास तरी व्हायला हवा होता. तोही नाही, कारण नदी आता सलग वाहतच नाही.

पूर्वी ती अशी नव्हती. 10 ऑगस्ट 1763 ला राक्षसभुवनाला निजामाचं सैन्य गोदावरी ओलांडताना दोन काठांवर विभागलं गेलं. मधे भरलेली नदी. अलीकडे राहिलेल्या, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्या फौजेला माधवराव पेशव्यांनी गाठलं आणि निजामाला पलीकडून मदत धाडता आली नाही. आता वरचा जायकवाडी धरणाचा नाथसागर भरत नाही तोवर ऐन ऑगस्टातही हे पात्र पायी ओलांडता यावं अशी स्थिती अनेकदा असते. खाली हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव अशी बंधाऱ्यांची माळ आहे: साठवलेलं पाणी, दरवाजे, मग रेती किंवा पुढचा फुगवटा. प्रत्येक बंधाऱ्याला नाव खांद्यावर घ्यावी लागेल. मात्र दोष धरण असण्याचा नाही. कोलाडला कुंडलिकेवर जे राफ्टिंग चालतं ते वीजनिर्मिती करून सोडलेल्या पाण्यावरच. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधला 446 किलोमीटरचा, आठवडे चालणारा नदीप्रवास 1963 पासून ग्लेन कॅन्यन धरणाच्या खालीच होतो. तिथे दिवसा किमान 8000 क्युसेक पाणी सोडण्याचा नियम आहे. आपल्याकडे भांडण होतं ते नगर-नाशिकने जायकवाडीत किती पाणी सोडावं याचं. जायकवाडीखालच्या पात्रात किती वाहतं ठेवावं, हा प्रश्न क्वचितच कुणी काढतो.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: 2016 ला शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे खेळाचे लाड कसले? पण कायाक पाणी पीत नाही. बंधारे भरायला जे आवर्तन नदीतून सोडावंच लागतं, त्याच्या तारखा आधी ठरवून गावोगाव कळवल्या तर जादा थेंबही लागणार नाही. (उसाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब हा आक्षेप घेणारे इतक्या तत्परतेने मागत नाहीत, हेही खरं.) दुसरा आक्षेप धोक्याचा. दरवाजे उघडले की पाणी चढतं आणि वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. म्हणूनच तर वेळापत्रक हवं. कायाकवाला वर्षाकाठी चार दिवस येईल, पण थर्माकोलच्या चप्पूवर जाळं टाकणारा भोई आणि काठाची मोटार उचलायला धावणारा शेतकरी त्या पात्रात रोज उतरतात.