जीपचं इंजिन बदललंय? मग ऑइल मीटरवर आंधळा विश्वास नको

पवई : पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेली माझी जुनी महिंद्रा जीप पवईच्या चढाला लागली आणि ऑइल मीटरने घाम फोडला. रेस दिली की काटा खाली, सोडली की वर!

अशा वेळी आधी इंजिन बंद करा. प्रेशर खरंच गेलं असेल तर बेअरिंग जायला वेळ लागत नाही. डिपस्टिक बघितली, ऑइल बरोबर होतं.

मिस्त्रीने सेन्सरची वायर काढली, किल्ली ऑन केली. काटा शून्यावर. वायर इंजिनला टेकवली, काटा फुल्ल. म्हणजे मीटर, वायर ठीक. घोळ जोडीत होता. मीटर जुन्या गाडीचा, सेन्सर नव्या इंजिनाचा. काही सेन्सर शून्य प्रेशरला 240 ओहम दाखवतात आणि प्रेशर वाढलं की 33 पर्यंत उतरतात. काही 10 वरून 180 कडे चढतात. जोडी चुकली की काटा उलटा.

सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली तरी अर्थ तुटतो, हेही बघा. सेन्सर काढून तिथे हातातला पाइपवाला गेज लावला, गरम इंजिनावर प्रेशर व्यवस्थित भरलं. आता मीटरच्या जोडीचा सेन्सर घेतलाय.